खाल्लेलं अंगी लागायला हवं



कोळंबी साफ करताना बायका पाठीतला काळा दोरा आधी ओढून काढतात. तो दोरा म्हणजे तिचं आतडं. डोक्यात पिवळसर-केशरी मऊ गोळा असतो, ती पाचक ग्रंथी. शेततळ्यात झिंगा सोडणाऱ्याने या दोन्हींकडे लक्ष ठेवावं.

झिंग्याच्या पोटात आपल्यासारखं जहाल आम्ल नसतं. सगळी भिस्त त्या ग्रंथीतल्या पाचकरसांवर. ट्रिप्सिन प्रथिनं फोडतं, अमायलेज पिष्ट, लायपेज तेल. गोड्या पाण्यातल्या मोठ्या झिंग्याला पिष्ट बऱ्यापैकी पचतं, म्हणून तांदळाचा कोंडा, मक्याचा भरडा चालतो. जोडीला शेंगदाणा पेंड. पण नुसत्या कोंडा-पेंडीवर भागत नाही. कोलेस्टेरॉल त्याला स्वतःच्या शरीरात बनवता येत नाही आणि कवच टाकायला लावणारं संप्रेरक तर त्यापासूनच तयार होतं. म्हणून खाद्यात सुकटीचा किंवा जवळ्याचा कुटा हवा. एकूण प्रथिनं 30 ते 35 टक्के.  

आता थंडीचं. या मोठ्या झिंग्याला 28 ते 31 अंशांचं पाणी मानवतं. डिसेंबरात आपल्याकडे शेततळं रात्रीतून गार पडतं. पाणी गार, की पाचकरस मंद आणि भूकही मंद. आपण मात्र सवयीने तेवढंच खाद्य टाकतो. उरलेलं तळाशी कुजतं, प्राणवायू खातं. आणि झिंगा राहतो तळाशीच. म्हणून पावसाळ्याच्या तोंडाला सोडलेलं बीज कडाक्याच्या थंडीआधी काढणीला येईल, असा बेत ठेवा.

झिंगा रात्री चरतो. संध्याकाळी खाद्य टाकताना थोडं ट्रेमध्ये ठेवून तळाशी सोडा. दोन तासांनी बॅटरी घेऊन ट्रे वर ओढा. ट्रे रिकामा असेल आणि लहान झिंग्याच्या कवचातून काळा दोरा भरलेला दिसत असेल, तर मात्रा बरोबर. खाद्य पडून असेल, दोरा रिकामा असेल, तर पाणी तपासा. कवच नुकतंच टाकलेले मऊ झिंगे दिसले, तर दोन दिवस हात आखडता घ्या. त्या काळात तो खातच नाही.

उद्याचं पोतं फोडण्याआधी आज रात्रीचा ट्रे बघा.