गडचिंचल्याची चौकी आणि तलवाड्याचा गोळीबार

पोलिसानं किती बळ वापरावं, याला कायद्याचं उत्तर छोटं आहे: गरजेपुरतं. गरज किती, हे मात्र समोर जमाव उभा असताना, क्षणात ठरवायचं असतं. डहाणू-तलासरीनं या निर्णयाची दोन्ही टोकं पाहिली आहेत.

१९४५ साली वेठबिगारीविरुद्ध वारली आदिवासी उठले होते. त्यांच्या नेत्या गोदावरी परुळेकर यांची सभा आहे, बाईंच्या जिवाला धोका आहे, अशी अफवा पसरली आणि १० ऑक्टोबरला माणसं तलवाड्याला लोटली. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण ठार झाले. बाईंना वाचवायला आलेली ही माणसं. त्यांना खरी हकीकत पटवून घरी पाठवणं अशक्य नव्हतं.

दुसरं टोक, १६ एप्रिल २०२०. टाळेबंदी होती, आणि मुलं पळवणाऱ्यांच्या, चोरांच्या अफवांनी गावं रात्र जागवत होती. कांदिवलीहून सुरतेला अंत्यविधीसाठी निघालेले दोन साधू आणि त्यांचा चालक डहाणू तालुक्यात गडचिंचल्याच्या वनचौकीपाशी अडवले गेले. कासा ठाण्याचे पोलीस पोहोचले, पण मूठभर. समोर शेकडोंचा जमाव. एक वृद्ध साधू पोलिसाला बिलगलेला, तरीही जमावाच्या हाती लागलेला, असं चित्रीकरण देशानं पाहिलं. तिघेही मारले गेले.

बेकायदा जमाव पांगवण्याचा हुकूम कार्यकारी दंडाधिकारी किंवा पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी देऊ शकतो. प्रभारी अधिकारी नसेल तर किमान उपनिरीक्षक दर्जाचा अधिकारी लागतो. आज हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४८ मध्ये आहे, तेव्हा जुन्या संहितेच्या १२९ मध्ये होतं. पण डोळ्यांदेखत कुणाचा जीव जात असेल, तर त्याच्या बचावासाठी अशा हुकमाची वाट पाहावी लागत नाही. दुसऱ्याच्या शरीराच्या रक्षणाचा हक्क साध्या शिपायालाही आहे, साध्या नागरिकालाही. हे शिपायाला पाठ असेलही. कमरेचं पिस्तूल काढल्यावर आपलीच चौकशी लागेल, ही भीती त्याहून पक्की असते.

चौकशी तशीही लागलीच. पोलिसांपैकी कुणाला बडतर्फ केलं गेलं, कुणाला सक्तीनं निवृत्त केलं गेलं, काहींचे पगार कापले गेले.

पण बळाचा हिशेब त्या रात्री चौकीवर सुरू झाला नव्हता. त्याच आठवड्यात, त्याच परिसरात सारणीजवळ एका डॉक्टरांच्या गाडीवर जमाव धावून गेला होता आणि पोलिसांवरही हल्ला झाला होता. इशारा मिळालेला होता. जादा कुमक तेव्हाच रस्त्यावर असती, तर कदाचित लाठीही उगारावी लागली नसती. खरी चूक तिथं झाली.