गाठ कापली, पुढे काय?



पशुवैद्यकांच्या अधिवेशनात अध्यक्षाने रिक्त पदं, वेतनश्रेणी आणि औषधांचे भाव यांवर बोलावं असा आपल्याकडे रिवाज आहे. ते सगळं दुपारच्या सत्रात होणारच आहे, आणि माझ्यापेक्षा खणखणीत आवाजात होणार आहे. माझी नोकरी सूक्ष्मदर्शकासमोर गेली, म्हणून मी कुत्रीच्या स्तनातल्या गाठीबद्दल बोलते.

ही रुग्ण तुम्ही सगळे ओळखता. नऊ-दहा वर्षांची, नसबंदी न झालेली, मागच्या सडांजवळ गाठ. "आधी एवढीशीच होती हो डॉक्टर," हे मालकाचं वाक्यही ठरलेलं. कुत्री आपल्याकडे येते त्या दिवशी कर्करोग सुरू झालेला नसतो. त्याची तयारी दर माजागणिक चाललेली असते.

कुत्री वर्षातून साधारण दोनदा माजावर येते. माजावर असतानाच तिच्या रक्तात प्रोजेस्टेरॉन चढू लागतं आणि पुढे सुमारे दोन महिने चढलेलं राहतं, मग ती गाभण असो वा नसो. बाईच्या मासिक चक्रात हा काळ जेमतेम दोन आठवड्यांचा. म्हणजे पिल्लं होवोत न होवोत, कुत्रीच्या स्तनग्रंथीला दर खेपेला दुधाची पूर्वतयारी करावीच लागते. पेशी वाढायच्या, विभागायच्या, मग मागे हटायच्या. प्रत्येक विभाजनात डीएनएची नक्कल होते, आणि नक्कल म्हटली की चूक आलीच.

यातला सगळ्यात नवलाचा धागा १९९० च्या दशकात नेदरलँड्समधल्या उट्रेख्टच्या पशुवैद्यकीय संशोधकांनी उलगडला. प्रोजेस्टेरॉनच्या जातीची औषधं दिलेल्या कुत्र्यांच्या रक्तात वाढीचं संप्रेरक, म्हणजे ग्रोथ हॉर्मोन, वाढलेलं दिसे. आपण सगळे शिकलो की ते पीयूषिका ग्रंथीतून येतं. इथे ते स्तनग्रंथीतच तयार होत होतं. ग्रंथी काढली की रक्तातली पातळी उतरत होती. प्रोजेस्टेरॉनने हुकूम सोडायचा, ग्रंथीने आपलं खत आपणच तयार करायचं आणि शेजारच्या पेशींनी त्यावर पोसायचं. पुढे गाठ जसजशी दुष्ट होत जाते, तसतसे तिच्यातले इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉनचे रिसेप्टर बहुतेकदा कमी होत जातात. मग हुकमाची गरजच उरत नाही.

हे आधी माहीत असतं तर औषधशास्त्राचा एक मोठा वाद कदाचित वेगळ्या वळणाने गेला असता. डेपो-प्रोव्हेरा हे बायकांसाठीचं गर्भनिरोधक इंजेक्शन. त्यातलं औषध मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन. बीगल कुत्र्यांना ते दीर्घकाळ दिल्यावर स्तनात गाठी आल्या. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९७८ मध्ये गर्भनिरोधक म्हणून त्याला परवानगी नाकारली. कारणांमध्ये या बीगल होत्या. परवानगी मिळाली ती १९९२ मध्ये. आपल्याकडे सरकारी दवाखान्यांत ते २०१७ पासून 'अंतरा' या नावाने दिलं जातं. त्या औषधाचे माणसातले गुणदोष हा स्त्रीरोगतज्ज्ञांचा प्रांत. मी त्यात शिरत नाही. बीगलने आपल्या शरीराचा कायदा प्रामाणिकपणे सांगितला होता, आणि तो तसाच बाईला लागू होतो का, हे वेगळं तपासायचं काम होतं, एवढंच माझं म्हणणं. आपल्यासाठी धडा मात्र सरळ आहे: माज पुढे ढकलायला कुत्रीला हे इंजेक्शन टोचू नका. कोणी टोचलं असेल तर तपासणीच्या चिठ्ठीवर तसं लिहा.

आता उलटी बाजू. २००५ मध्ये ताशा नावाच्या बॉक्सर कुत्रीचा जनुकसंच प्रसिद्ध झाला आणि कुत्र्याची जनुकं माणसाच्या जनुकांशेजारी ठेवून वाचता येऊ लागली. पेशीला वाढीचा निरोप पोहोचवणारं पीआयके३सीए नावाचं जनुक बायकांच्या स्तनाच्या कर्करोगात वारंवार बिघडलेलं सापडतं. दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी २०२० मध्ये कुत्र्यांच्या गाठी वाचल्या, तेव्हा तिथेही सर्वांत जास्त वेळा बिघडलेलं जनुक हेच निघालं. बिघाडाची जागासुद्धा पुष्कळदा तीच: प्रथिनातलं १०४७ वं स्थान, हिस्टिडीनच्या जागी आर्जिनीन. हाच मार्ग रोखणारं अल्पेलिसिब हे औषध माणसांसाठी अमेरिकेत २०१९ मध्ये मंजूर झालेलं आहे. स्वीडनमध्ये इंग्लिश स्प्रिंगर स्पॅनियल जातीत बीआरसीए१ आणि बीआरसीए२ या जनुकांचा या रोगाशी संबंध २००९ मध्ये दाखवला गेला. ही साम्यं खरी आहेत, आणि ती वाचताना अजूनही माझ्या अंगावर काटा येतो.

पण या साम्याने हुरळून जाण्याची घाई आपल्या व्यवसायात फार. कुत्रीच्या मिश्र गाठीत कूर्चा असते, हाड असतं. ऊतकाचे पातळ काप घेणाऱ्या मायक्रोटोमचं पातं त्यावर कर्रकन अडकलं की आमचे तंत्रज्ञ काय बोलतात ते इथे सांगण्यासारखं नाही. बायकांत अशा गाठी क्वचितच. जॉर्जिया विद्यापीठातल्या गटाने २०१४ मध्ये मांडलं की साध्या कार्सिनोमात जनुकसंचाची मोडतोड भरपूर दिसते, तर स्नायूसदृश पेशीही वाढलेल्या संमिश्र, म्हणजे कॉम्प्लेक्स, प्रकारात ती फारशी नसते. तिथे जनुकांवरच्या रासायनिक खुणांचा गोंधळ जास्त संशयास्पद. म्हणजे 'मॅमरी ट्यूमर' या एका शब्दाखाली आपण निदान दोन वेगळे रोग गोळा करतो. तसंच, माणसातल्या एचईआर२ प्रथिनासाठी बनवलेल्या प्रतिपिंडाने स्लाइड तपकिरी झाली म्हणून 'एचईआर२ पॉझिटिव्ह' लिहून मोकळं होऊ नये. ते प्रतिपिंड कुत्रीत नेमकं कशाला चिकटतं, यावरच वाद आहे.

आकड्यांबाबतही तोच सैलपणा. पहिल्या माजाआधी नसबंदी केली तर धोका ०.५ टक्के, एका माजानंतर ८, दोन किंवा अधिक माजांनंतर २६. हे आपण पाठ म्हणतो. १९६९ च्या कॅलिफोर्नियातल्या अभ्यासाचे हे आकडे आहेत आणि ते नसबंदी न झालेल्या कुत्रीच्या तुलनेतले आहेत. शंभरातल्या सव्वीस कुत्र्यांना कर्करोग होतो असा त्यांचा अर्थ नाही. २०१२ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी या विषयावरचे सगळे अभ्यास चाळले आणि पुरावा आपण समजतो त्यापेक्षा कच्चा असल्याचं म्हटलं. मी स्वतः लवकरच्या नसबंदीच्या बाजूची आहे. मालकाला सांगताना मात्र आकड्याचा अर्थ बरोबर सांगावा.

आपल्या गावठी कुत्र्यांच्या गाठींमध्ये काय लिहिलेलं आहे, हे कोरियातून किंवा स्वीडनमधून कळणार नाही. परळला मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे, टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून. एकातून दुसऱ्यात चालत जाता येतं. असा शेजार फार थोड्या शहरांना लाभतो. पण शेजाऱ्याकडे न्यायला हातात ऊतक हवं, आणि ते बादलीत गेलेलं असतं. मोठी गाठ अखंड कोंबलेली, फॉर्मेलिन तळाशी दोन बोटं, अशी बरणी आली की मधला भाग कुजलेला निघतो. त्यातून डीएनए काय काढणार? गाठीला काप द्या, ऊतकाच्या दहापट बफर्ड फॉर्मेलिन घाला, जवळची लसिकाग्रंथी काढली असेल तर वेगळ्या बाटलीत पाठवा.

चिठ्ठीवर वय, कितवं सड, नसबंदी केव्हा, पिल्लं किती, संप्रेरकाचं इंजेक्शन दिलं होतं का, हे लिहा. जातीच्या रकान्यात गावठी असेल तर बिनदिक्कत गावठी लिहा. आणि रिपोर्ट हातात पडला म्हणजे प्रकरण मिटलं असं समजू नका. सहा महिन्यांनी आणि वर्षाने मालकाला एक फोन करा, कुत्री आहे की गेली, गाठ परत आली का, छातीच्या एक्स-रेत काही दिसलं का, ते विचारा आणि आम्हाला कळवा. ते कळल्याशिवाय कुठलं उत्परिवर्तन घातक आणि कुठलं निरुपद्रवी, हे आमच्यातला कोणीही सांगू शकणार नाही.