रायफलचा दस्ता
रायफल निवडतांना नळीची चर्चा फार होते, दस्त्याची थोडी. शिकाऱ्याला ती क्षणार्धांत खांद्याला लावावयाची असते. त्याचा दस्ता हलका व सुटसुटीत. आपल्याकडे शिकारीस कायद्यानें मनाई असल्यानें विचार करावयाचा तो लक्ष्यवेधाचा. २०२४ सालच्या पॅरिस ऑलिंपिकमध्यें स्वप्निल कुसळे यांनीं कांस्यपदक मिळविलें, त्या ५० मीटरच्या स्पर्धेंत गुडघ्यावर बसून, पालथें पडून आणि उभ्यानें नेम धरावा लागतो. आसनागणिक मानेची ठेवण बदलते; तेथें गालाचा व खांद्याचा आधार सरकवितां येईल असा जड दस्ताच हवा.

परीक्षा सोपी आहे. रायफल रिकामी असल्याची खात्री करून, डोळे मिटून ती सुरक्षित दिशेस खांद्याला लावा. मग डोळे उघडा. दृष्टि आपोआप माशीवर आली, तर दस्ता तुमचा. मान वांकवावी लागली, तर अक्रोडाच्या झिलईस भुलूं नका. अंगीं जडलेली वांकडी संवय सहजासहजीं सुटत नाहीं.