पंगतीतील आग्रह आणि मधुमेह
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आम्ही डॉक्टर नव्हे. उभा जन्म मुलांना शिकविण्यात गेला. तरीही मधुमेहावर बोलावयास उभे आहोत, याचे कारण घरचेच आहे. आमच्या थोरल्या बंधूंना हा विकार जडला होता. ते ठाऊक असूनही एका लग्नाच्या पंगतीत ‘एका जिलबीने काय होते?’ असे म्हणून त्यांच्या पानात जिलबी वाढणारे आम्हीच. पुढे देवदर्शनास अनवाणी गेले असता त्यांच्या तळपायास जखम झाली. पाय बधिर झालेला, म्हणून वेदना नाही; वेदना नाही, म्हणून जखमेकडे कोणी पाहिले नाही. अखेर पाऊल कापावे लागले. एका जिलबीने ते गेले असे नव्हे, वर्षानुवर्षांच्या हेळसांडीने गेले. परंतु त्या हेळसांडीत आमचाही वाटा होता, हे कबूल करणे प्राप्त आहे.

अन्नातून होणारी साखर रक्तात मिसळते व स्वादुपिंडातील इन्सुलिनच्या साहाय्याने पेशींत शिरते. इन्सुलिन अपुरे पडले, अथवा शरीर त्यास दाद देईनासे झाले, की साखर रक्तातच साचते. आरंभी काही दुखत नाही, खुपत नाही; आणि तोवर वाळवीप्रमाणे डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडे, हृदय व पायांचे मज्जातंतू पोखरले जातात. म्हणून रक्ततपासणीस पर्याय नाही. उपाशीपोटी साखर १२६ मिलिग्रॅम वा अधिक भरली, आणि पुन्हा तपासूनही तशीच आली, तर मधुमेह समजावा. १०० ते १२५ ही पूर्वसूचना होय.

‘आम्ही सडपातळ, आम्हांस कसला मधुमेह?’ असे कोणी म्हणेल. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले आहे, की वजनाने बेताच्या भारतीय माणसाच्या अंगातही चरबी पुष्कळ असू शकते. तेव्हा काट्याबरोबर पोटाचा घेरही पाहावा. चेन्नईचे डॉ. रामचंद्रन यांच्या २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पूर्वसूचना मिळालेल्यांपैकी ज्यांनी आहार व व्यायाम सुधारला, त्यांच्यात मधुमेह जडण्याचा धोका पाव हिश्श्याहून अधिक घटला. तात्पर्य, पुष्कळसे आपल्याच हाती आहे.

पानात भाजी, उसळ व कोशिंबीर वाढवावी. भात आणि गोड कमी करावे. भाकरीही मोजूनच खावी. गूळ ‘चालतो’ हा भ्रम आहे. साबुदाण्याची खिचडी उपवासाची खरी, पण ती निव्वळ पिष्ट होय. गोळ्या वा इन्सुलिन घेणाऱ्याने डॉक्टरांस विचारल्यावाचून उपवास धरू नये. साखर एकाएकी उतरून घाम व कंप सुटला, तर तत्काळ साखर खावी. रोज अर्धा तास झपझप चालावे. तंबाखू सोडावी. रात्री निजण्यापूर्वी तळपाय पाहावेत, अनवाणी चालू नये, वर्षातून एकदा डोळे व मूत्रपिंडे तपासावीत. बरे वाटले म्हणून औषध आपल्या मनाने बंद करू नये.

आता एक नाजूक गोष्ट. लहान वयात होणाऱ्या प्रकारात शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही. पूर्वी अशी मुले दगावत. १९२२ च्या जानेवारीत टोरांटो येथे १४ वर्षांच्या मुलास प्रथमच इन्सुलिन टोचले आणि तो वाचला. आज अशी मुले शिकतात, नोकऱ्या करतात, संसार करतात. मात्र आपल्यात मुलीचे इंजेक्शन सोयरिकीच्या भीतीने लपविले जाते. सासरी चोरून टोचावे लागले, की कधी तरी ते चुकते, आणि ते चुकणे जिवावर बेतते. रोग लपविणाऱ्यांपेक्षा, त्यांना लपविण्यास भाग पाडणारे आपण अधिक दोषी आहोत.

शेवटी मंडळास आमची विनंती एवढीच, की पुढील संमेलनात नावनोंदणीच्या मेजाशेजारी रक्ततपासणीचेही मेज असावे. आणि आजच्याच पंगतीपासून, ‘नको’ म्हणणाऱ्यास दुसऱ्यांदा कोणी विचारू नये. आग्रह हे प्रेमाचे लक्षण खरे. परंतु आमच्या बंधूंस आम्ही जिलबी वाढली, तेही प्रेमानेच.