मालमोटारीच्या चालकाला शिकवायचे कोणी?

(नाशिक येथे वाहतूक क्षेत्रातील कार्यकर्त्यांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



नाशिक जिल्ह्यातील शेतकरी, व्यापारी आणि कारखानदार यांचे हितसंबंध एकमेकांना छेद देणारे आहेत. मात्र एका गोष्टीविषयी या तिघांचेही एकमत असते. गाडी वेळेवर आली पाहिजे. लासलगावचा कांदा, पिंपळगाव-निफाडची द्राक्षे, सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून निघणारा माल, मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोतील पेट्रोल आणि डिझेल, हे सारे मालमोटारीने जाते. कांद्याच्या भावावरून सभागृहे बंद पडतात. तोच कांदा वाहून नेणाऱ्या माणसाने आपले काम कोठे शिकले, किती दिवसांत शिकले आणि कोणाच्या पैशाने शिकले, हे विचारावे असे मात्र क्वचितच कोणाला वाटते.

1 आणि 2 जानेवारी 2024 हे दोन दिवस आठवून पाहावेत. नव्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 मधील दुसऱ्या पोटकलमाने, अपघातात मृत्यू ओढवल्यावर पोलिसांना वा दंडाधिकाऱ्यांना न कळवता पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद केली. देशभर चालक रस्त्यावर उतरले. पानेवाडीचे टँकर जागेवर थांबले आणि पेट्रोलपंपांपुढे रांगा लागल्या. टँकरचालक नावाचा मनुष्य अस्तित्वात आहे, हे अनेक सुशिक्षितांना त्या दिवशी प्रथमच जाणवले. 2 जानेवारीच्या रात्री केंद्र सरकारला वाहतूकदारांशी बोलावे लागले आणि 1 जुलै 2024 रोजी संहिता लागू झाली तेव्हा ते पोटकलम बाजूला ठेवण्यात आले. शिक्षा किती वर्षांची असावी यावर त्या दिवसांत पुष्कळ लिहिले गेले. ज्याला दहा वर्षे तुरुंगात पाठवायचे त्याला गाडी चालवायला शिकविण्यासाठी समाजाने दहा दिवस तरी दिले होते काय, हा प्रश्न त्या वादात उमटला नाही.

कायद्याने आखलेली वाट कागदावर सरळ आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे अठराव्या वर्षी हलक्या वाहनाचे लायसन मिळते. परिवहन वाहन चालविण्यासाठी वय वीस पूर्ण हवे, आणि हलक्या वाहनाचे लायसन किमान एक वर्ष हाताशी असल्याखेरीज त्याचे शिकाऊ लायसनही मिळत नाही. सोबत मान्यताप्राप्त मोटार ड्रायव्हिंग स्कूलचे प्रमाणपत्र लागते. मध्यम व अवजड वाहनांसाठी 1989 च्या केंद्रीय नियमांनी प्रशिक्षणाची मर्यादा किमान तीस दिवस आणि प्रत्यक्ष चालविण्याचे तास किमान पंधरा ठरविले. पंधरा तास! आणि हे पंधरा तासही सर्वत्र चाकामागे बसूनच पुरे होतात असे समजणारा मनुष्य आर.टी.ओ. कार्यालयाबाहेरच्या टपऱ्यांकडे कधी फिरकलेला नसावा. परीक्षेची गाडी सहसा रिकामी असते आणि मैदान सपाट असते. आयुष्यभर भरलेली गाडी घाटातून न्यायची, आणि परीक्षा द्यायची ती रिकाम्या गाडीची.

पूर्वी मध्यम मालवाहू, मध्यम प्रवासी, अवजड मालवाहू आणि अवजड प्रवासी असे चार निराळे वर्ग कायद्यात होते. 1994 च्या दुरुस्तीने ते सारे ‘परिवहन वाहन’ या एकाच वर्गात विलीन झाले. दुसऱ्या टोकाला, 7,500 किलोपर्यंतच्या एकूण वजनाचे मालवाहू वाहन हलक्या वाहनाच्या लायसनवर चालविता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 6 नोव्हेंबर 2024 रोजी कायम केले. या निकालाने अपघातग्रस्तांना भरपाई नाकारण्याची विमा कंपन्यांची एक पळवाट बंद झाली, हे चांगलेच झाले. परंतु भरलेला टेम्पो आणि घरची मोटार यांत शिकण्यासारखा फरक काहीच नाही, असा त्याचा अर्थ कोणी काढू नये.

मग हे काम शिकविले जात होते कोठे? ते चालकाशेजारच्या दुसऱ्या सीटवर शिकविले जात होते. त्या सीटवर क्लीनर बसे. गावाकडे त्याला किन्नर म्हणतात. चौदा-पंधरा वर्षांचा पोर गाडीवर राही. काच पुसणे, टायरवर हातोडी मारून हवा अजमावणे, ताडपत्री ओढणे, दोर आवळणे, भात शिजविणे अशी कामे करीत तो वस्तादाचे हात आणि पाय पाहत राही. चार-पाच वर्षांनी एखाद्या रात्री मोकळ्या रस्त्यावर वस्ताद त्याच्या हाती चाक देई.

त्या सीटवर नेमके काय शिकले जाई, हे समजून घेतल्यावाचून या प्रश्नाचे गांभीर्य कळणार नाही. जानेवारी ते एप्रिल या हंगामात द्राक्षांचे वातानुकूलित कंटेनर नाशिकहून न्हावा शेव्याकडे निघतात आणि कसारा घाट उतरतात. घाट उतरणे हे चढण्याहून अवघड असते. ज्या गिअरमध्ये चढ चढायचा त्याच गिअरमध्ये तो उतरायचा, हे जुन्या चालकांचे सूत्र आहे. गिअर उतार सुरू होण्यापूर्वीच खाली आणावा लागतो, कारण भरलेल्या गाडीने वेग घेतल्यावर तो पडत नाही. इंजिनाने गाडी रोखून धरायची आणि ब्रेक अधूनमधून, मोजून वापरायचा. पाय ब्रेकवर ठेवून उतरणाऱ्याचे ड्रम तापतात, लायनरची पकड सुटते, वारंवार दाबल्याने हवेचा दाबही घटतो. मग कितीही जोर लावला तरी गाडी थांबत नाही. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात ‘ब्रेक निकामी झाल्याने’ असे छापून येते. पुष्कळदा ब्रेक निकामी झालेला नसतो, तो वापरण्याचे शिक्षण झालेले नसते. त्यातच अनेक ठिकाणी मालक फेरीसाठी डिझेल ठरवून देतो आणि वाचले तर ते चालकाचे. म्हणून उतारावर गाडी न्यूट्रल करून सोडण्याचा मोह होतो. हा मोह वेतनपद्धतीतून जन्मतो. चालकाच्या नीतिमत्तेवर प्रवचन देऊन तो जाणार नाही.

दुसरी गोष्ट डाव्या बाजूची. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. लांब गाडीच्या डाव्या कुशीतली सायकल, स्कूटर वा पायी चालणारी बाई त्याला आरशात दिसतेच असे नाही. गाडी वळताना मागची चाके पुढच्या चाकांच्या मार्गाने न जाता आतल्या बाजूने कापत जातात. द्वारका चौकासारख्या गर्दीत डाव्या खिडकीतून अर्धा बाहेर वाकलेला आणि पत्र्यावर थाप मारून ‘येऊ दे, येऊ दे’ किंवा ‘थांब’ सांगणारा क्लीनर हा त्या गाडीचा दुसरा डोळा होता.

तिसरी गोष्ट माल लादण्याची आणि बांधण्याची. जानेवारी 2025 मध्ये द्वारका उड्डाणपुलावर लोखंडी सळ्या भरलेल्या ट्रकवर मागून टेम्पो आदळला आणि टेम्पोतील तरुण प्राणाला मुकले. सळई गाडीच्या बाहेर येऊ न देणे, मागे दिवा आणि परावर्तक असणे, हाही चालकाच्या शिक्षणाचाच भाग आहे. अर्थात माल कसा भरायचा हे ठरविण्याचा अधिकार चालकाला असेल तरच त्या शिक्षणाचा उपयोग.

दुसऱ्या सीटचे गोडवे गाण्याचे कारण नाही, हेही येथे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. ती काही गुरुकुलाची ओसरी नव्हती. तेथे कोवळ्या पोरांकडून भत्त्यावर राबवून घेतले जाई, शिवी आणि चापट हा अभ्यासक्रमाचा भाग होता, आणि वस्तादाच्या चांगल्या सवयींबरोबर दारू-गुटख्यापर्यंतच्या वाईट सवयीही शिष्याकडे येत. पाच वर्षे राबल्यावरही हाती एक कागद मिळत नसे. जे व्हायला हवे होते ते इतकेच, की त्या सीटवर सज्ञान शिकाऊ कामगार बसावा, त्याला वेतन मिळावे आणि शेवटी प्रमाणपत्र मिळावे. झाले ते निराळेच. शिकाऊ कामगाराची प्रतिष्ठा मिळण्याआधीच ती सीट रिकामी करण्यात आली.

2018 साली दोन निर्णय झाले. जुलैमध्ये मालमोटारींची वजनमर्यादा वाढविण्यात आली. तीन आसांच्या ट्रकचे एकूण वजन 25 टनांवरून साडेअठ्ठावीस टनांवर गेले आणि मोठ्या ट्रेलरची कमाल मर्यादा 49 टनांवरून 55 टनांवर गेली. त्याच वर्षी नॅशनल परमिटच्या गाडीवर दोन चालक असले पाहिजेत, ही केंद्रीय नियमांतील अट काढून टाकण्यात आली. ती अट पुष्कळ ठिकाणी पूर्वीही कागदावरच होती. परंतु कागदावरचा हक्क मागता तरी येतो. एकाच वर्षात वजन वाढले आणि माणूस कमी झाला. मालवाहतुकीच्या हिशेबात दुसरा माणूस हा निव्वळ खर्च ठरला. तो शिकत होता, डावी बाजू पाहत होता आणि पहिल्याला दोन तास झोपू देत होता, याची नोंद कोणत्याच वहीत नव्हती.

2019 साली परिवहन वाहनाच्या चालकासाठी असलेली आठवी उत्तीर्णतेची अट रद्द झाली. देशात सुमारे 22 लाख चालकांची उणीव आहे, असे तेव्हा केंद्रीय मंत्रालयाने सांगितले. या निर्णयाचे स्वागतच केले पाहिजे. ज्याची शाळा दारिद्र्याने सुटली त्याचा रोजगारही त्याच कारणाने बुडावा, यात न्याय नव्हता. अट काढताना प्रशिक्षण अधिक कसून घेतले जाईल असे आश्वासनही होते. त्यातून 1 जुलै 2021 पासून मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचे नियम लागू झाले. अवजड वाहनांसाठी किमान दोन एकर जागा, सिम्युलेटर, चाचणीमार्ग, आणि सहा आठवड्यांत 38 तासांचा अभ्यासक्रम. जो येथे उत्तीर्ण होईल त्याला आर.टी.ओ.त पुन्हा चाचणी देण्याची गरज नाही. पंधरा तासांपेक्षा 38 तास बरे, यात वाद नाही. परंतु शिकविणारा आणि उत्तीर्ण करणारा एकच, आणि तो शुल्कावर जगणारा, ही व्यवस्था जनतेने डोळे मिटून स्वीकारावी काय? युरोपीय संघाने 2003 च्या निर्देशाने धंदेवाईक चालकाच्या प्रारंभिक पात्रतेसाठी 280 तासांचे शिक्षण ठरविले. संक्षिप्त अभ्यासक्रम घेतला तरी 140 तास, आणि पुढे दर पाच वर्षांनी 35 तास. तेथेही चालकांची टंचाई आहे. पण तासांना कात्री लावून ती भरून काढावी, असे त्यांनी मानलेले नाही.

आता मूळ मुद्दा. हे शिक्षण कोणाच्या खर्चाने? सिन्नर वा सुरगाण्याच्या तरुणाने स्कूलचे शुल्क भरायचे, सहा आठवडे मजुरी बुडवायची, शहरात राहण्याची सोय पाहायची, मग लायसन काढायचे आणि त्यानंतरही ‘अनुभव किती वर्षांचा?’ या प्रश्नापाशी अडायचे. जो अनुभव दुसऱ्या सीटवर मिळत होता तो आता मिळणार कोठे, हे मालक सांगत नाही. तयार चालक सर्वांना हवा आहे, तयार करण्याचा खर्च मात्र कोणालाच नको आहे. परिणामी रस्ता हीच शाळा होते आणि त्या शाळेचे शुल्क रस्त्यावरचे इतर लोक भरतात.

याला उत्तर महाराष्ट्राला अपरिचित नाही. 1969 साली या राज्याने माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा केला. आज एका मालकाकडे, उद्या दुसऱ्याकडे काम करणाऱ्या हमालाची जबाबदारी कोणाची, या प्रश्नावर त्या कायद्याने मंडळ स्थापण्याचा आणि मालकांकडून मजुरीवर लेव्ही घेण्याचा मार्ग काढला. गाडीत गोणी चढविणाऱ्याला जे तत्त्व लागू पडले ते गाडी हाकणाऱ्याला का लागू पडू नये? प्रत्येक फेरीच्या भाड्यावर थोडीशी लेव्ही बसवावी, ती माल पाठविणाऱ्याकडून घ्यावी आणि तिच्यातून शिकाऊ चालकाचे वेतन, प्रशिक्षण व विमा चालवावा. मालक आणि राज्यसंस्था यांच्या मनात आले तर काय होऊ शकते, हे एसटी महामंडळाने दाखविलेच आहे. महिलांना चालक म्हणून घेताना महामंडळाने त्यांना स्वतः अवजड वाहनाचे प्रशिक्षण दिले, आणि 2023 साली नाशिक–सिन्नर मार्गावर महिलेच्या हाती एसटीचे चाक आले. अनुभव विकत मागण्याऐवजी तो घडविता येतो, एवढे तरी त्यातून सिद्ध झाले.

कामाच्या तासांचा प्रश्न याच्याशी जखडलेला आहे. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाचे आठ आणि आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास ठरविले होते. परंतु तो कायदा पाच वा अधिक कामगार असलेल्या उपक्रमांचा होता. एक-दोन गाड्यांच्या मालकाचा चालक त्याच्या कक्षेबाहेरच राहिला. नोव्हेंबर 2025 मध्ये चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि हा कायदा त्यांतील एकीत सामावला गेला. 1 ऑक्टोबर 2025 पासून नव्याने तयार होणाऱ्या मालमोटारींची केबिन वातानुकूलित असणे सक्तीचे झाले, ही चांगली गोष्ट आहे. परंतु अठरा तास जागलेल्या माणसाला गार हवेत झोप अधिक लवकर लागते, हेही विसरता येत नाही.

कार्यकर्त्यांनी उचलावयाची कामे येथेच, याच जिल्ह्यात आहेत. आडगावच्या ट्रक टर्मिनलवर आणि पानेवाडीच्या डेपोबाहेर बसून चालकांकडून त्यांचे शिक्षण कोठे, किती दिवस आणि किती पैशांत झाले याच्या नोंदी घेणे. धोकादायक माल वाहणाऱ्यांसाठी नियमाने सांगितलेला तीन दिवसांचा वर्ग खरोखर तीन दिवस भरतो की नाही हे पाहणे. चाचणी भरलेल्या गाडीवर आणि चढ-उतारावर व्हावी अशी मागणी प्रादेशिक परिवहन अधिकाऱ्यांकडे लेखी करणे. आणि लांब पल्ल्याच्या गाडीवर वेतन घेणारा दुसरा माणूस पुन्हा नेमला जावा यासाठी माल पाठविणाऱ्या कारखान्यांच्या दारातच आंदोलन करणे. नोंदींचे काम आधी हाती घेतले पाहिजे. द्राक्षांचा हंगाम सुरू झाला की चालकाला बोलायला उसंत मिळत नाही.