संत्र्याचं झाड मरतं ते पायापासून
(शताब्दी सोहळ्यात झालेले भाषण)



दिंडीच्या शंभर वर्षांवर बोलायला जाणती महाराज मंडळी बसली आहेत. मी बागेतला माणूस, झाडाचंच बोलतो. मंगरूळपीर, कारंजा, मालेगाव, रिसोड या आपल्या तालुक्यांत संत्र्यावर कितीतरी घरं उभी आहेत. लेकीचं लग्न, पोराचं शिक्षण, वारीचा खर्च त्यातूनच निघतो. अशी बाग भर उमेदीत वाळायला लागली की माणूस म्हणतो, ‘नजर लागली.’ नजर नाही, माउली. त्याला कारण आहे.

झाड शेंड्याकडून वाळताना दिसतं, पण दुखणं असतं पायाशी. संत्र्याची अन्न घेणारी तंतुमुळं बहुतेक वरच्या फूट-दीड फुटातच असतात. मुळांनाही हवा लागते. आपली काळी भारी जमीन पाणी धरून ठेवते. झड लागली की मुळं गुदमरतात. त्याच ओलीत फायटोफ्थोरा नावाची बुरशी पसरते, मुळं कुजवते, बुंध्याची साल फुटून डिंक वाहतो. हाच डिंक्या. मग पानं पिवळी पडतात, शेंडे वाळतात. कधी असं झाड फुलांनी लदबदून जातं. आपण खूश होतो, पण फळ बारीकच राहतं. झाड उपाशी आहे समजून आपण खत-पाणी वाढवतो. ज्याचं तोंडच सडलं, त्याच्यापुढं ताट वाढून काय उपयोग? जास्तीच्या पाण्यानं रोग उलट बळावतो.

दुसरं कारण कलमाचं. डोळा बांधलेला जोड जमिनीपासून वीतभर तरी वर पाहिजे. तो मातीत गेला की बुरशीला दार उघडं. तिसरं कारण हावेचं. मृगासाठी ताण द्यायचा आणि त्याच झाडावर आंबियाही घ्यायचा, तर झाड थकणारच. खोल नांगरटीनं मुळं तुटतात, ते वेगळंच.

आता आपली अडचण बघा. आषाढीची वारी आणि पावसाची सुरुवात एकाच वेळी. म्हणून निघण्याआधी चार कामं उरकून घ्या. वाळलेली सल काढा. बुंध्याजवळची माती ओढून जोड मोकळा करा. उताराच्या दिशेनं चर काढा. आणि एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी अशी बोर्डो पेस्ट बुंध्याला लावा. पाऊस सरल्यावर पुन्हा एकदा. मोरचूद आणि चुना वेगवेगळे भिजवा, लोखंडी भांडं वापरू नका. पाणी दुहेरी आळ्यानं द्या, म्हणजे बुंधा कोरडा राहील. नागपूरला केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे. शंका असेल तर तिथं विचारा.

अरणच्या सावता महाराजांनी मळ्यातच विठ्ठल पाहिला. आपणही झाडाच्या पायाशी वाकून बघू या. पांडुरंगाचं दर्शनही आपण पायांपासूनच घेतो.

राम कृष्ण हरी!