महाराणी व्हिक्टोरिया आणि रयतेचा हिशेब



आज आम्ही एका राणीची हकीगत सांगणार आहों. कोणी विचारील, कुणब्या-कुंभारांचें, माळ्या-साळ्यांचें राणीशीं काय नातें? नातें आहे. तिच्या मुखवट्याचा राणीछाप रुपया आमच्या आज्या-पणज्यांनीं माळेंत ओवून गळ्यांत घातला. आणि तोच रुपया आमच्या आज्या-पणज्यांच्या धन्यांनीं साऱ्यापोटीं चावडीवर मोजून दिला. जिचा चेहरा आमच्या घामाच्या पैशावर साठ वर्षें उमटत राहिला, तिची ओळख करून घेणें आणि तिच्या राज्याचा हिशेब पाहणें हा आमचा हक्कच आहे.

व्हिक्टोरियाचा जन्म लंडनांत ता. २४ मे १८१९ रोजीं झाला. ती आठ महिन्यांची असतांना बाप वारला. आईनें व आईच्या कारभाऱ्यानें पोरीला इतकें जखडून ठेविलें कीं, कोणाचा हात धरल्यावांचून तिला जिना उतरण्याची मोकळीक नव्हती. निजणें तेंही आईच्याच खोलींत. चुलता राजा वारला, त्यास औरस संतान उरलें नव्हतें, म्हणून ता. २० जून १८३७ रोजीं पहांटे या पोरीला उठवून सांगण्यांत आलें कीं, तूं आतां राणी झालीस. वय अवघें अठरा वर्षांचें. राणी होतांच तिनें पहिल्या कामांतलें एक काम केलें तें हें कीं, आपला पलंग आईच्या खोलींतून हलविला!

१८४० सालीं तिनें आपल्या मामाच्या मुलाशीं, अल्बर्टशीं, लग्न केलें. राणीला मागणी कोण घालणार? म्हणून मागणी तिनेंच घातली. नऊ मुलें झालीं. १८५३ सालीं आठव्या बाळंतपणांत तिनें वेणा कमी करण्याचें नवें औषध, क्लोरोफॉर्म, हुंगलें. वेणा सोसणें हीच देवाची आज्ञा, असें म्हणणारे धर्ममार्तंड तिकडेही होते. पण खुद्द राणीनेंच औषध घेतल्यावर पुष्कळ बायांची भीड चेपली. मोठ्या जागेवरच्या माणसानें एक चांगला पायंडा पाडला, तर शंभर व्याख्यानांचें काम होतें, तें असें.

१८६१ सालीं अल्बर्ट वारला. राणी बेचाळीस वर्षांची होती. पुढें चाळीस वर्षें तिनें काळा पोषाख सोडला नाहीं. कित्येक वर्षें ती लोकांत फारशी आलीच नाहीं, तेव्हां 'राणी हवी कशाला?' अशी कुजबूज तिच्या देशांतही सुरू झाली. परंतु तिचें डोकें कोणी भादरलें नाहीं, तिचें तोंड पाहणें कोणी अपशकुन मानिलें नाहीं. एका विधवेनें चाळीस वर्षें अर्ध्या जगाशीं पत्रव्यवहार करून राज्य चालविलें! त्याच काळांत आमच्या देशांत वरच्या म्हणविणाऱ्या जातींत विधवेची काय दशा होती, तें जोतीराव व सावित्रीबाई फुल्यांनीं १८६३ सालीं पुण्यांत बालहत्या प्रतिबंधक गृह कां काढलें, यावरून समजावें.

आतां मुद्द्याची गोष्ट. राणीच्या हातांत सत्ता किती? थोडी. कायदा पार्लमेंट करी, कारभार प्रधानमंडळ करी. राणी सल्ला देई, ताकीद देई, सही करी. तिच्या राज्यांत इंग्लंडच्या गरिबांचें पुष्कळ भलें झालें. १८४२ सालीं बायांना व दहा वर्षांखालील मुलांना खाणींत उतरविण्यास बंदी झाली. १८४७ सालीं गिरण्यांतील बाया व पोरांचे दिवसाचे तास दहा ठरले. १८७० सालीं गांवोगांव शाळा काढण्याचा कायदा झाला, १८८० सालीं शिक्षण सक्तीचें झालें, १८९१ सालापासून तें बहुतेक मोफत झालें. १८८४ सालीं शेतमजुरालाही मत मिळालें.

हें सारें राणीनें ओंजळ भरून दिलें काय? नाहीं. १८३९, १८४२ व १८४८ असें तीनदां तिकडच्या कामकऱ्यांनीं लाखों सह्यांचे अर्ज पार्लमेंटपुढें ठेविले व तिन्ही वेळां ते झिडकारले गेले. १८४८ सालीं तर गडबडीच्या भयानें राजघराणें लंडन सोडून बेटावर जाऊन राहिलें होतें. तरी लोकांनीं सभा सोडल्या नाहींत, संघ मोडले नाहींत. बायांना मत द्यावें हें तर राणीला मुळींच पसंत नव्हतें. स्वतः बाई, बसली तख्तावर, पण दुसऱ्या बाईला मतपेटीपर्यंत जाऊं देणें तिला रुचेना! तें मत तिकडच्या बायांनीं झगडून १९१८ व १९२८ सालीं मिळविलें.

आमच्याकडे १८५७ च्या बंडानंतर कंपनीचें राज्य जाऊन राणीचें आलें. ता. १ नोव्हेंबर १८५८ रोजीं तिचा जाहीरनामा वाचला गेला. त्याचा पहिला मसुदा तिला आवडला नाहीं. कोट्यवधि प्रजेशीं एक स्त्री बोलत आहे, हें भाषेंत दिसूं द्या, असें तिनें प्रधानाला कळविलें. जाहीरनाम्यांत वचन होतें कीं, जात वा धर्म न पाहतां, विद्या, लायकी व सचोटी पाहून सरकारी कामें दिलीं जातील. वचन गोड, पण गोम पहा. लायकी विद्येनें ठरणार, आणि विद्या आमच्या घरीं येऊं दिली कोणीं? आडांत नाहीं तर पोहऱ्यांत कोठून येणार? दरवाजा उघडा असल्याचें जाहीर झालें, पण उंबरठ्यापर्यंत जाण्याची वाटच बांधली नाहीं. ज्यांच्या घरीं पूर्वींपासून अक्षर होतें, त्यांनींच कचेऱ्या भरल्या.

१८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जोतीरावांनीं हेंच मांडलें: सरकारचा वसूल रयतेच्या कष्टांतून येतो व खर्च वरच्या वर्गाच्या उंच शिक्षणावर होतो, म्हणून निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करा. राणी एकच, पण तिकडच्या कोळसेवाल्याच्या पोराला सक्तीची शाळा मिळाली, इकडच्या मेंढक्याच्या पोराला ती मिळाली नाहीं. बडोद्यास सयाजीरावांनीं १९०६ सालीं व कोल्हापुरास शाहू महाराजांनीं १९१७ सालीं ती आपल्या हिंमतीवर सुरू केली. साऱ्या देशाच्या मुलांना शिक्षणाचा कायदेशीर हक्क मिळावयास १ एप्रिल २०१० उजाडावें लागलें!

आणि दुष्काळ? ता. १ जानेवारी १८७७ रोजीं दिल्लीस थाटाचा दरबार भरवून तिला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलें. राजेरजवाडे, हत्ती, तोफा, मेजवान्या! त्याच वेळीं दक्षिणेंत लोक अन्नावांचून मरत होते. १८७६ ते १८७८ या दुष्काळांत पन्नास लाखांवर माणसें गेलीं. खडी फोडणाऱ्या मजुराची रोजी कापून एक रत्तल धान्य व वर चार दिडक्यांवर आणली, आणि बंदरांतून धान्य विलायतेस जातच होतें. त्या वेळीं धनकवडीस सत्यशोधक समाजानें उपाशी पोरांसाठीं अन्नछत्र चालविलें, त्याला नांव दिलें 'व्हिक्टोरिया बालाश्रम'. पहा, नांव राणीचें, पण भाकर लोकांच्या वर्गणीची! आयर्लंडांतही १८४५ पासून पुढें बटाट्याचें पीक कुजून सुमारें दहा लाख माणसें मेलीं. राणीनें दोन हजार पौंड दिले, पण धान्य बाहेर जाणें थांबलें नाहीं. दान हा न्यायाचा मोबदला होत नाहीं.

१८८८ सालीं राणीचा मुलगा, ड्यूक ऑफ कॅनॉट, पुण्यास असतां त्याच्या मेजवानीला जोतीराव शेतकऱ्याच्या फाटक्या वेषांत गेले. भरजरी पाहुण्यांकडे पाहून हा देश समजूं नका. खेड्यांत जा, आणि तेथें काय दिसतें तें आपल्या आईला कळवा, अशा अर्थाचें ते त्याला तोंडावर बोलले. आमच्या वडिलांना राणीविषयीं आशा होती हें खरें. पेशवाईच्या अखेरीचा जाच ज्यांच्या घरांनीं सोसला, त्यांना परका राजा बरा वाटला तर नवल काय? पण आशा ठेवूनही त्यांनीं हिशेब मागणें सोडलें नाहीं, हें ध्यानांत ठेवा.

राणीचा एक गुण घेण्याजोगा आहे. १८८७ सालीं, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षीं, तिनें आग्र्याच्या अब्दुल करीम नांवाच्या मुनशीकडून हिंदुस्थानी भाषा व लिपि शिकण्यास आरंभ केला व वर्षानुवर्षें वहींत गिरविलें. मग चाळिशींतला आमचा बंधु किंवा भगिनी 'आतां काय शिकायचें' असें कां म्हणते?

१८९७ सालीं तिच्या राज्याचा साठ वर्षांचा उत्सव झाला. त्याच सालीं पुण्यांत प्लेगनें घरें ओस पडलीं. ता. १० मार्च रोजीं प्लेगच्या रोग्यांची सेवा करतां करतां सावित्रीबाई वारल्या. एकीच्या नांवें जगभर तोफा उडाल्या; दुसरीच्या मागें शिकलेल्या मुली राहिल्या. कोणाचें राज्य लांब, तें तुम्हीच ठरवा.

ता. २२ जानेवारी १९०१ रोजीं, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षीं, राणी वारली. हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणविणारीनें हिंदुस्थानांत कधीं पाऊल ठेविलें नाहीं. त्रेसष्ट वर्षें व सात महिने तिचें राज्य चाललें. तो विक्रम तिच्या पणतवंडाच्या मुलीनें, दुसऱ्या एलिझाबेथनें, २०१५ सालीं मोडला व तीही २०२२ सालीं गेली. मुंबईच्या मोठ्या स्टेशनावरील राणीचें नांव जाऊन तेथें आज छत्रपति शिवाजी महाराजांचें नांव आहे.

बंधूंनो, पाटी बदलली, मुखवटा बदलला. हिशेब मागण्याचें काम बदललेलें नाहीं. आतां राणी नाहीं, निवडून दिलेली माणसें आहेत, आणि त्यांना निवडणारे आपण आहों. गांवच्या शाळेंत मास्तर आहे कीं नाहीं, दुष्काळाचा पैसा आला किती व पोहोंचला किती, हें ग्रामसभेंत उभें राहून विचारा. आणि विचारतांना लेकीला शेजारीं उभी करा. तिला अक्षर आलें, कीं कोणाच्या जाहीरनाम्याची वाट पाहण्याचें तिला कारण उरणार नाहीं.